रक्तशर्करेचे नियमन आणि संगणकावरील रुग्ण

सन २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राप्रमाणेच शेजारच्या सुरत शहरातही म्युकरमायकोसिसचे रुग्ण आढळले. त्या वर्षीच्या मे महिन्यात गुजरात शासनाने हा रोग साथरोग म्हणून घोषित केला. मधुमेह व स्टेरॉइड औषधे यांमुळे वाढलेली रक्तशर्करा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. अतिदक्षता विभागात रक्तशर्करेवर नियंत्रण ठेवणे किती निकडीचे आहे, याची जाणीव त्या अनुभवाने करून दिली.

तथापि हे कार्य सोपे नाही. गंभीर आजारात मधुमेह नसलेल्यांचीही रक्तशर्करा वाढते आणि इन्शुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद तासातासाला बदलतो. इन्शुलिन कमी पडल्यास जंतुसंसर्ग बळावतो. अधिक झाल्यास शर्करा एकाएकी घसरून मेंदूस इजा पोहोचू शकते. सन २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांवर रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत कडक नियंत्रणाखालील गटात मृत्यूचे प्रमाण २७.५ टक्के, तर सौम्य नियंत्रणाखालील गटात २४.९ टक्के आढळले. म्हणूनच आज बहुतेक रुग्णांसाठी दर डेसिलिटरला १४० ते १८० मिलिग्रॅम ही पातळी योग्य मानली जाते.

मग उपचाराचा नवा नियम रुग्णास धोका न पोहोचविता कसा पारखावा? येथे संगणक साहाय्यास येतो. आहारातून व यकृतातून रक्तात येणारी शर्करा आणि इन्शुलिनमुळे होणारा तिचा निचरा यांचे गणित समीकरणांत मांडले जाते. पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींवरून त्यांची इन्शुलिनसंवेदनशीलता तासागणिक काढली जाते. अशा रीतीने संगणकावर ‘आभासी रुग्ण’ सिद्ध होतो व त्याच्यावर निरनिराळ्या मात्रा निर्धास्तपणे अजमावता येतात.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे याच मार्गाने पारखलेली ‘स्प्रिंट’ पद्धत सन २००५ मध्ये अमलात आली. तिची विशेषता अशी की, गणित संगणकाने केले, परंतु परिचारिकेच्या हाती आली ती कागदी चकती! शर्करेच्या नोंदीनुसार ती फिरवून इन्शुलिन व आहार यांचे प्रमाण ठरविता येई. साधनसामग्री मर्यादित असलेल्या रुग्णालयांना हे उदाहरण बोधप्रद ठरावे.

अर्थात, प्रतिरूप कितीही अचूक असले तरी वेळेवर घेतलेली शर्करेची विश्वसनीय नोंद हाच त्याचा पाया होय. अंतिम निर्णय रुग्णशय्येजवळील डॉक्टरांचाच राहील. संगणकाने त्यांची वाट अधिक निर्धोक करावी, एवढेच अपेक्षित आहे.