एक रिंग, एक चेंडू आणि अख्खा मोहल्ला

बालमित्रांनो, धान निघालं की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या रिकाम्या बांध्यांमध्ये काय सुरू होतं? कबड्डी! चपला काढून बाजूला ठेवल्या, पायानं रेघ ओढली की झालं मैदान तयार. पण मोठ्या शहरातल्या मुलांना अशा मोकळ्या बांध्या कुठून मिळणार? ती मुलं बागेचा एखादा कोपरा शोधतात. जगातल्या कितीतरी शहरांत अशा कोपऱ्यात एक खांब, त्यावर फळी आणि फळीला लोखंडी रिंग दिसते. तोच त्यांचा बास्केटबॉल!

या खेळाचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८९१ सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी कडाक्याची थंडी होती. बाहेर खेळता येत नव्हतं, म्हणून मुलं कंटाळली होती. तेव्हा जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन टोपल्या ठोकल्या. पीच नावाची फळं ठेवायच्या टोपल्या त्या! सज्जा होता जमिनीपासून १० फूट उंच. आजही रिंग तेवढ्याच उंचीवर असते. टोपली वर का? कारण समोर असती तर मुलांनी चेंडू जोरात फेकून मारला असता. वर असल्यामुळे तो अलगद, नेम धरून टाकावा लागतो. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, हाही नियम त्यांनीच केला. म्हणजे एकमेकांना पाडापाडी करायचं कारणच उरलं नाही. सुरुवातीला टोपलीला बूड होतं. टोपलीत पडलेला चेंडू दर वेळी वर चढून काढावा लागे!

हा खेळ आपल्या महाराष्ट्रात कुठे रुजला, ठाऊक आहे? मुंबईच्या नागपाड्यात. अगदी दाट वस्ती, चिंचोळ्या गल्ल्या. तिथे १९२७ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यांनी 'नागपाडा नेबरहुड हाऊस' हे समाजकेंद्र सुरू केलं. याच वस्तीत बच्चू खान यांनी पोरांना बास्केटबॉल शिकवला. त्यांचे शिकाऊ खेळाडू कुणी श्रीमंतांघरचे नव्हते, गल्लीतलेच होते. त्यांतलेच एक गुलाम अब्बास मुंतसीर. पुढे ते भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. नागपाड्यातलं महापालिकेचं मैदान आज बच्चू खान यांच्या नावानं ओळखलं जातं. पोरांना खेळ शिकवणाऱ्याचं नाव मैदानाला! यापेक्षा मोठं बक्षीस कोणतं?

अशीच गोष्ट न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली. होलकोंब रकर हे तिथल्या उद्यान खात्यात काम करत. १९५० च्या सुमारास त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी सामने सुरू केले. नुसता खेळ नाही हं! मुलांनी शाळा सोडू नये, यासाठीही ते धडपडत. पुढे मोठमोठे व्यावसायिक खेळाडूही त्या मोहल्ल्यातल्या मुलांसमोर खेळायला येऊ लागले. १९७४ साली त्या बागेला 'रकर पार्क' असं नाव मिळालं.

बागेतल्या खेळाचे कायदे मात्र न्यारे. पंच नसतो. धक्का लागला तर ज्याला लागला त्यानंच सांगायचं आणि इतरांनी मानायचं. जिंकणारा संघ मैदानात राहतो, हरणारा बाहेर येऊन पुन्हा पाळीची वाट पाहतो. अशा अर्ध्या मैदानावरच्या खेळातूनच 'थ्री बाय थ्री' हा प्रकार आला. दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, रिंग एकच. दहा मिनिटं संपेपर्यंत किंवा कुणाचे २१ गुण होईपर्यंत खेळायचं. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा आला, आणि पुरुषांचं सुवर्णपदक नेलं लाटव्हियासारख्या चिमुकल्या देशानं!

पण एक गोष्ट मी शाळेच्या पटांगणात नेहमी पाहते. मोठी मुलं चेंडू घेतात, लहान मुलं काठावर उभी राहतात आणि मुली पायरीवर बसून नुसत्या बघतात. मैदान सगळ्यांचं, मग पाळी काहींचीच का? बच्चू खान आणि रकर यांनी नवीन पोराला मैदानात घेतलं नसतं, तर त्यांची नावं आज कुणाला आठवली असती का?

तेव्हा आता एक करून पाहा. बुरडाकडून बांबूची टोपली आणा, तिचं बूड काढा आणि मोठ्या माणसांच्या मदतीनं भिंतीला घट्ट बांधा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी रिंग २.६० मीटर उंचीवर असते, तेवढी उंची पुरे. चेंडू नसेल तर फुटबॉल चालेल, नेस्मिथ गुरुजींच्या मुलांनीही पहिल्यांदा फुटबॉलच वापरला होता! आईबाबांनाही विनंती : शिकवणीच्या गडबडीतून संध्याकाळचा एक तास मुलांना मोकळा द्या, मुलींनाही द्या. आणि मोठ्या मुलांनो, पहिला चेंडू काठावर उभ्या असलेल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात द्या. खेळ तिथूनच सुरू होऊ दे!