इमर्जन्सी मेडिसिनकडे जायचं तर इलेक्टिव्ह कुठे घ्यायची?

(एमबीबीएसचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

समोर फायनल इयरची मुलं-मुली आहेत, काही इंटर्न आहेत, आणि मागे पालकही बसलेत. पालकांसाठी आधी थोडं सांगते, मग मुलांकडे वळते.

आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो, तिथलं काम हा आता स्वतंत्र विषय आहे. 2009 मध्ये आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला एमडीचा विषय म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी ती खोली कधी मेडिसिनवाले सांभाळायचे, कधी सर्जरीवाले. अजूनही पुष्कळ ठिकाणी तसंच आहे. दुसरी गोष्ट, 2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसमध्ये इलेक्टिव्ह आल्या. म्हणजे काही दिवस विद्यार्थ्याने स्वतःच्या आवडीचा विभाग निवडून तिथे काम करायचं. पुढे इंटर्नशिपच्या 52 आठवड्यांतही 4 आठवडे इलेक्टिव्हचे असतात. आणि इमर्जन्सीचं ठरलेलं पोस्टिंग किती? 2 आठवडे.

आता हिशोब बघा. इंटर्नशिप संपली की यातली कितीतरी मुलं ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर म्हणून उभी राहणार. रात्री दोन वाजता जीप येऊन थांबते, आत श्वास अडकलेला माणूस असतो, आणि ड्यूटीवर डॉक्टर एकच. म्हणून इलेक्टिव्हचे हे थोडे दिवस कुठे घालवायचे, हा प्रश्न मला लॉगबुक भरण्यापुरता वाटत नाही.

मुलं येतात आणि म्हणतात, "मॅडम, मला इमर्जन्सीच करायचंय, तर मिळतील ते सगळे दिवस कॅज्युअल्टीतच घेते." मी म्हणते, थोडे दिवस जरूर घे, सगळे नको. कारण सोपं आहे. पेशंट खरोखर कोसळतो तेव्हा विद्यार्थ्याला भिंतीकडे सरकवलं जातं, आणि ते बरोबरच आहे. तिथे शिकवायला कोणाला वेळ नसतो. तुम्ही बघता पुष्कळ, पण हाताला काही लागत नाही. गंमत अशी की कॅज्युअल्टीत जे घाईघाईत करावं लागतं, ते त्याच इमारतीत दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत रोज शांतपणे चाललेलं असतं. त्या खोल्या शोधायच्या.

पहिली खोली म्हणजे ऑपरेशन थिएटर, पण सर्जनच्या बाजूला नाही, भूलतज्ज्ञाच्या बाजूला. इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण माझ्या मते एकच निवडायची झाली तर हीच. सगळ्यांना लॅरिंगोस्कोप हातात घेऊन नळी घालायची असते. फोटोही त्याचाच काढायचा असतो! पण माणूस वाचतो तो आधी ऑक्सिजनने. डोकं नीट ठेवणं, जबडा पुढे उचलणं, एका हाताने मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवून दुसऱ्या हाताने बॅग दाबणं, हे पुस्तकात अर्ध्या पानाचं आहे, आणि पहिल्या दिवशी दहापैकी नऊ जणांच्या मास्कमधून हवा बाजूने निसटते. दाढीवाले काका, दात नसलेली आजी, जाड मानेचा माणूस, प्रत्येकाला हात वेगळा बसतो. हे वीस-पंचवीस पेशंटवर, शेजारी शिकवणारं माणूस उभं असताना करून बघितलंत, तर पुढे एकटे असताना नळी गेली नाही तरी पेशंटला ऑक्सिजन देत राहाल.

यात एक व्यवहाराची सूचना आहे. मोठ्या ऑपरेशनच्या टेबलला चिकटू नका. चार तासांच्या केसमध्ये तुम्हाला मास्क एकदाच धरायला मिळतो. ज्या टेबलवर छोट्या केसेस एकामागून एक असतात, ईएनटीची, गायनॅकची लिस्ट, तिथे जा. सकाळी पहिली केस सुरू होण्याआधी पोचा आणि सरळ सांगा, "नळी नाही दिलीत तरी चालेल, मास्क मला धरू द्या." असं मागणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

दुसरी जागा थोडी लांबची. शहरातल्या मुलांना मी आग्रहाने सांगते की सोय होत असेल तर काही दिवस पावसाळ्यात जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात काढा. साप, विंचू, कीटकनाशक. आपल्याकडची इमर्जन्सी ही आहे, आणि परदेशी पाठ्यपुस्तकात तिला फार जागा नाही. मण्यारीचं उदाहरण घ्या. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे तो पोट दुखतंय म्हणून येतो. पापण्या जड झालेल्या असतात, पण झोपेतून उठलाय म्हणून कोणी लक्ष देत नाही. ज्याने असा एक पेशंट डोळ्यांनी बघितलाय तो ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत नाही. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठतंय का, हे कळायला मोठी लॅब लागत नाही. काचेची स्वच्छ, कोरडी टेस्ट ट्यूब, थोडं रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करून बघायचं. वीस मिनिटं न हलवता, हे शब्द महत्त्वाचे. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटाला कोणीतरी येऊन ती हलवून बघतंच.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती. त्यांनी ग्रामीण भागात काम करताना पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, फुफ्फुसात पाणी कधी भरतं, हे टिपून ठेवलं आणि 1980 च्या दशकात प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यावर वापरून दाखवलं. लॅन्सेटने ते छापलं. मोठ्या यंत्रांशिवाय, नुसतं पेशंटपाशी बसून काय कळतं, ते अशा ठिकाणी शिकायला मिळतं.

बाकीचं भराभर सांगते. मुलांच्या वॉर्डात औषध वजनावर मोजायची सवय लागते आणि सुकलेल्या बाळाची शीर सापडायला लागते. हृदयरोगात कॅथलॅबच्या काचेमागे उभं राहण्यापेक्षा सीसीयूत बसा. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत काढून वाचायला हवा, तर रोज तीस ईसीजी बघा, आणि त्यात नॉर्मल जास्त बघा. सोनोग्राफीचंही तेच, नॉर्मल पोट ओळखीचं झालं की पोटातलं रक्त दिसतं. प्लास्टर रूम आणि डोळ्यांची ओपीडी ही दोन ठिकाणं कोणी मागत नाही, म्हणून तिथे शिकायला भरपूर मिळतं. न्यायवैद्यकाला कमी लेखू नका. पोलीस केस आहे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय, तरी आजही दारात "आधी पोलीस" ऐकू येतं.

आणि कॅज्युअल्टीतले जे दिवस घ्याल, ते शक्यतो रात्रीचे घ्या. एक वही ठेवा. पेशंटचा इनडोअर नंबर, त्याची तक्रार आणि वर्दी वाचण्याआधी तुम्हाला काय वाटलं ते लिहा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन बघा, शेवटी काय निघालं. या विषयाची अडचणच ही आहे की पेशंट वर जातो आणि गोष्ट आपल्यापुरती अर्धवट राहते. तुम्ही "गॅस" लिहिलंत आणि वर हार्ट अटॅक निघाला, हे कळायला स्वतःला जिना चढावा लागतो, कोणी येऊन सांगत नाही.

(प्रश्न : पण नीट-पीजीला याचे मार्क काहीच नाहीत ना?)

नाहीत. मला तर ते बरंच वाटतं. अमेरिकेत इमर्जन्सीची रेसिडेन्सी हवी असेल तर त्या विभागात रोटेशन करून ठरावीक नमुन्याचं शिफारसपत्र मिळवावं लागतं, म्हणून तिथली मुलं नावाजलेली जागा बघतात. तुमच्यापैकी कोणाला तिकडे जायचं असेल तर पदवी हातात पडण्याआधीच चौकशी करा. अशा इलेक्टिव्ह बहुतेक शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. इथेच राहायचं असेल तर कोणाला खूश करायला निवडायची गरज नाही. जे येत नाही ते निवडा.

(पालकांचा प्रश्न : मुलगी लांबच्या रुग्णालयात एकटी कशी राहणार?)

योग्य प्रश्न आहे. एकटीला पाठवू नका, दोघी-तिघींनी मिळून अर्ज करा. राहायची खोली, जेवण आणि रात्री वॉर्डातून खोलीवर यायला सोबत, या तीन गोष्टी तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांशी आधी बोलून घ्या, आणि आपल्या विभागप्रमुखांचं पत्र जोडा. अर्ज पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात नको. दोन महिने आधी गेला तर खोलीची सोय बहुधा होते.