लोणार गुलाबी झालं, तो फोटो वर्गात कसा आणायचा?

जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लँडसॅट ८ उपग्रहाने टिपलेली त्याची आधीची आणि नंतरची छायाचित्रं नासाच्या 'अर्थ ऑब्झर्व्हेटरी'वर आहेत. शेजारी शेजारी ठेवून मुलांना दाखवली, की भूगोलाचा तास आपोआप रंगतो. नासाच्या बहुतेक छायाचित्रांवर कॉपीराइट नसतो. श्रेय मात्र द्यावं.

गूगलवर दिसलेलं प्रत्येक चित्र मोफत नसतं. तिथल्या 'टूल्स'मध्ये वापर-हक्कांची चाळणी आहे, ती लावून मगच शोधावं. त्याहून भरवशाचं ठिकाण म्हणजे २००४मध्ये सुरू झालेलं विकिमीडिया कॉमन्स. तिथे १० कोटींहून अधिक फायली आहेत आणि प्रत्येकीखाली परवाना लिहिलेला असतो. 'सीसी' म्हणजे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना. 'सीसी झीरो' असेल तर चित्र मुक्त. 'सीसी बाय' असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवाना आणि दुवा द्यायचा. इतर संकेतस्थळांवर परवान्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्हज) असेल तर बदल केलेलं चित्र इतरांना वाटता येत नाही. नकाशावर मराठी नावं टाकून तो सगळ्या शाळांना पाठवायचा असेल, तर हे आधी पाहावं.

इतिहास आणि चित्रकलेसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७मध्ये, तर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने २०२०मध्ये लाखो चित्रं खुली केली.

भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकांना अध्यापनाच्या ओघात चित्र वापरण्याची मुभा देतं. तेच चित्र शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर टाकताना मात्र परवाना पुन्हा वाचायला हवा.