आडवं धरलं, गुपित फुटलं!

शेजाऱ्याच्या नजरेपासून पडदा झाकायला मोबाइलवर लावलेली प्रायव्हसी फिल्म गेम सुरू झाला की नेमकी त्याच वेळी काम सोडते. मेसेज आपण फोन उभा धरून वाचतो, गेम मात्र आडवा धरून खेळतो. फोन आडवा झाला की फिल्मही आडवी होते आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला सगळा खेळ लख्ख दिसायला लागतो. भंडाऱ्यातल्या मोबाइलच्या कोणत्याही दुकानात, काउंटरवर उभ्या उभ्या हे करून बघता येतं. बहुतेक जण ते घरी गेल्यावर बघतात. ‘भाऊ, आडवा धरला तं सारंच दिसते गा!’ हे वाक्य तोंडून निघेपर्यंत फिल्म चिकटलेली असते.

हातात धरून खेळायच्या कन्सोलचा पडदा तर कायमच आडवा. निन्टेन्डो स्विच घ्या, स्टीम डेक घ्या, नाहीतर जुलै २०२३ मध्ये भारतात आलेला आसूसचा रॉग अ‍ॅलाय घ्या. मोबाइलच्या दुकानात मापं मोबाइलची, म्हणून हौशी पोरं टॅबलेटची मोठी फिल्म आणून कटरने कापतात. टॅबलेटच्या बऱ्याच फिल्म उभ्या वापरासाठी बनवलेल्या असतात. माप मिलिमीटरपर्यंत जुळतं आणि दिशा चुकते. म्हणून कापण्याआधी फिल्म चालू पडद्यासमोर धरायची, मान डावी-उजवीकडे न्यायची, फिल्म गोल फिरवून पुन्हा बघायचं. ज्या बाजूंनी अंधार होतो, त्या बाजूंना मार्करने बाण काढायचे. एवढं केलं की पैसे वाया जात नाहीत.

काळी नाही, पट्ट्यांची

फिल्म काळपट दिसते म्हणून ती काळी काच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्या आत अतिशय बारीक काळ्या पट्ट्या उभ्या रोवलेल्या असतात, इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना सुट्या दिसत नाहीत. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झिलमिली असायची, ती डोळ्यांसमोर आणा: समोर उभं राहिलं तर फटींतून पलीकडचं दिसतं, बाजूला सरकलं की फळ्याच फळ्या. प्रकाश समोरून सरळ येतो, तिरका गेला की पट्टीवर आपटून तिथेच संपतो. पट्ट्या जितक्या खोल आणि जितक्या जवळजवळ, तितकी नजरेची वाट अरुंद.

साधारण फिल्मची ही वाट ६० अंशांची असते, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ३०-३० अंश. एसटीच्या सीटवर हिशेब करू. कन्सोल तुमच्या डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर आहे, शेजाऱ्याचं डोकं तुमच्या डोक्यापासून ४५ सेंटिमीटरवर. त्याची नजर पडद्यावर सुमारे ४८ अंशांनी पडते. म्हणजे भंडारा ते नागपूर या साठेक किलोमीटरच्या प्रवासात शेजारी तुमचा एकही डाव बघू शकत नाही. आणि तुमच्या मागे उभं राहून दांडी धरलेला माणूस? तो जवळजवळ तुमच्याच रेषेत बघतोय. त्याच्यासाठी फिल्म असून नसल्यासारखी!

हीच पट्ट्यांची युक्ती गेमच्या कितीतरी आधीपासून कामाला आहे. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या उजेडाचं प्रतिबिंब रात्री पुढच्या काचेवर पडू नये म्हणून ती वापरतात, आणि एटीएमच्या पडद्यावरही. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीचं नाव या कामात मोठं. पट्ट्यांची जाळी आणि पडद्यावरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींशी जवळजवळ जुळली, पण तंतोतंत बसली नाही, तर मध्येच लाटांसारखी नक्षी उमटते. ती उमटू नये म्हणून चांगल्या फिल्ममध्ये पट्ट्या किंचित तिरप्या बसवलेल्या असतात.

वरच्या बर्थवरचे काका

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस जाते. गोंदिया ते कोल्हापूर, तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर, एका दिवसाहून जास्त वेळ, आणि सगळा प्रवास एकाच राज्यात. नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, सातारा, मिरज. विदर्भातून पुण्याकडे शिकायला आणि नोकरीला निघालेल्या पोरापोरींची ही हक्काची गाडी. फिल्मची खरी परीक्षा इथे होते.

खालच्या बर्थवर तिघं बसलेत. मधल्याच्या हातात कन्सोल. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना अंधार दिसतो. वरच्या बर्थवर पालथे पडून खाली बघणाऱ्या काकांना मात्र बॉसफाइटपासून बॅटरीच्या टक्क्यांपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. पट्ट्या उभ्या आहेत, त्या डावी-उजवी नजर अडवतात. वरून येणारी नजर पट्ट्यांना समांतर खाली उतरते, तिला अडवणारं काहीच नाही. गंमत पुढे आहे: मोबाइलची ती ‘चुकीची’ फिल्म आडव्या कन्सोलवर लावली असती, तर काकांना अंधार आणि शेजाऱ्यांना उजेड! दोन्हीकडून अडवायचं असेल तर दोन थर एकमेकांवर काटकोनात बसवलेली चार बाजूंची फिल्म मिळते. दोन थर म्हणजे दुप्पट झाकोळ, ती तयारी हवी.

आणि लोक डोकावतात तरी कशाला? म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये १७४ जणांकडून अशा डोकावण्याचे अनुभव गोळा केले. बहुतेक प्रसंग बस-रेल्वेतले, बघणारा बहुतेक वेळा अनोळखी आणि कारण बहुधा कुतूहल नाहीतर कंटाळा. चोरीमारीचा हेतू क्वचित. विदर्भातल्या कोणत्याही डब्यात बसलेल्या माणसाला हे मनापासून पटेल. समोरच्याच्या डब्यातली भाजी कोणती हेही आपल्याकडे बघितलंच जातं, आणि मग खाल्लीही जाते.

गाडीतच जन्मलेली कल्पना

हातातला गेम आणि आजूबाजूच्या नजरा यांचं नातं या यंत्राच्या जन्मापासूनचं आहे. जपानमध्ये निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांना बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं चाळवत बसलेला दिसला. मोठ्या माणसालाही चारचौघांत बिनबोभाट खेळता येईल असा, मुठीत मावणारा छोटा गेम करावा, हे तिथून सुचलं. पुढे एकदा कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांची गाडी चालवायची वेळ योकोईंवर आली आणि वाटेत त्यांनी ही कल्पना सांगितली. १९८० च्या एप्रिलमध्ये ‘गेम अँड वॉच’ बाजारात आला. पडदा कॅल्क्युलेटरचाच, बटणं दोन्ही अंगठ्यांखाली, हात मांडीवर. आजही आपण कन्सोल तसाच धरतो.

त्याच योकोईंच्या चमूने १९८९ मध्ये गेम बॉय आणला. २.६ इंचांचा पडदा, हिरवट रंगाच्या चारच छटा आणि मागून उजेड नाही. खेळायचं तर खिडकीकडे पडदा कलवायचा. बाजूच्याला फिल्मशिवायच जेमतेम दिसायचं.

आपल्याकडे ती जागा ब्रिक गेमने घेतली. नव्वदच्या दशकात जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांत तो लटकलेला असायचा, वर ‘९९९९ इन १’ असा दावा. १० रकाने, २० ओळी, वरून पडणाऱ्या विटा. तिरका धरला की आकडे पुसट व्हायचे, म्हणून बघणारी पोरं खेळणाऱ्याच्या अगदी खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची आणि ‘डावीकडे! डावीकडे!’ ओरडायची. ते खेळणं एका घरचं असायचं आणि खेळणारी सगळी गल्ली.

पट्ट्यांनी लपवलंही, दाखवलंही

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. शेजाऱ्यापासून चित्र लपवणाऱ्या उभ्या पट्ट्यांनीच एका कन्सोलला चष्म्याविना त्रिमिती दिली. २०११ च्या निन्टेन्डो थ्रीडीएसच्या पडद्यात बारीक उभ्या पट्ट्यांचा अडसर होता. तो डाव्या डोळ्याला एक चित्र दाखवायचा, उजव्याला दुसरं, आणि मेंदू दोन्हींतून खोली तयार करायचा. डोकं जरा बाजूला गेलं की सगळं विस्कटायचं. म्हणून २०१४ मध्ये जपानमध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत कॅमेरा खेळणाऱ्याचा चेहरा शोधायचा आणि अडसर त्याप्रमाणे सरकवायचा. तिथे पट्ट्यांनी दोन डोळ्यांमधल्या काही सेंटिमीटरच्या अंतरात फरक केला. प्रायव्हसी फिल्म तेच काम दोन माणसांमध्ये करते.

मे महिना आणि वैनगंगेची रेती

फिल्मची किंमत उजेडात मोजावी लागते. साध्या स्टीम डेकच्या पडद्याची चमक ४०० निट्स. फिल्मने त्यातला तिसरा हिस्सा खाल्ला असं धरलं, तर उरली पावणेतीनशेच्या आत. घरात ते चालतं. मे महिन्यात साकोलीच्या बसस्टँडवर उघड्या उन्हात स्वतःचाच चेहरा दिसेल. मग आपण ब्राइटनेस वाढवतो, बॅटरी लवकर संपते, यंत्र तापतं. निन्टेन्डोने स्विच वापरायला सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो, म्हणून भर दुपारी कन्सोल उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही म्हणजे नाही.

मोठ्या पडद्यावर आणखी एक गोष्ट जाणवते. २०२५ च्या स्विच २ चा पडदा ७.९ इंचांचा आहे. तो जवळ धरला की मधला भाग समोर येतो आणि दोन्ही कडा तिरक्या पडतात, म्हणून कडा मालकालाही जराशा मंद दिसतात. ज्या गेममध्ये नकाशा कोपऱ्यात असतो, तिथे हे खटकतं.

आता ‘९एच’बद्दल. खोक्यावर हे अक्षर बघून लोक हिऱ्याच्या खालोखाल कठीण काच घेतल्याच्या आनंदात असतात. ९एच हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे: त्या पेन्सिलीने ओरखडा उमटत नाही, एवढंच. खनिजांच्या मोजपट्टीवर काच सहाच्या आसपास आणि क्वार्ट्झ सातवर. वैनगंगेच्या रेतीत चमचमणारे कण क्वार्ट्झचेच. पवनीच्या घाटावर फिरून आलात आणि त्याच खिशात कन्सोल सरकवलात, तर रेतीपुढे ९एचचं काही चालत नाही.

शेजारी खेळायला बसला तर?

स्विचची मूळ गंमतच वाटून खेळण्यात आहे. २०१७ च्या मार्चमध्ये तो आला तेव्हा दोन्ही बाजूंची जॉय-कॉन ही बटणांची हँडलं सुटी काढून एक दुसऱ्याच्या हातात देता येतं, याचं अप्रूप होतं. पडदा टेबलावर उभा करायचा आणि दोघांनी खेळायचं. प्रायव्हसी फिल्म लावली की मामेभावाला अर्धी शर्यत अंधारात चालवावी लागते. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: कायमची चिकटणारी घेऊ नका, काढता-लावता येणारी घ्या. पासवर्ड टाकताना, कार्डाचा नंबर भरताना, परीक्षेच्या आदल्या दिवशी बसमध्ये ओळखीचे सर भेटण्याची शक्यता असेल तेव्हा ती लावा. दिवाळीत भावंडं जमली की काढून ठेवा.

फक्त काढताना एक जपा. २०२१ च्या ओलेड स्विचच्या काचेवर कारखान्यातूनच एक पातळ फिल्म बसवलेली येते. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती आहे आणि ती काढू नका असं कंपनीच सांगते. आपली फिल्म तिच्यावरच लावायची. उतरवताना कोपरा नखाने हळूच उचलायचा, खालची फिल्म सोबत सुटत नाही ना हे बघायचं आणि मगच पुढे ओढायचं.