काच खाणारं सौम्य आम्ल

सल्फ्युरिक आम्ल काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षं निवांत राहतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकही राहतात. शाळेच्या पुस्तकानं ज्यांना 'तीव्र' ठरवलं, त्या सगळ्यांना काच पुरून उरते. पण त्याच पुस्तकाच्या हिशेबानं 'सौम्य' असलेलं हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेच्या बाटलीत भरलं, तर ते बाटलीच पोखरायला लागतं. म्हणून ते पॉलिथिनच्या किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात ठेवतात.

त्याचा सौम्यपणा आणि ही भूक, दोन्हींचं मूळ एकच आहे: फ्लोरिनची पकड. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडताच त्यातला हायड्रोजन सुटा होतो, आणि आम्लाची तीव्रता मोजतात ती या सुट्या हायड्रोजनवरूनच. फ्लोरिन मात्र आपला हायड्रोजन सहजी सोडत नाही. पातळ द्रावणात त्याचे बहुतेक रेणू अखंडच राहतात, म्हणून मोजमापात ते सौम्य ठरतं. हायड्रोजन सोडायचा तर फ्लोरिनला त्याहून मोलाचं कोणीतरी समोर दिसावं लागतं. काचेतलं सिलिकॉन तसं असतं. कॅल्शियमही तसंच, आणि खरा धोका तिथे आहे, कारण कॅल्शियम आपल्या रक्तात आणि हाडांत आहे.

हे आम्ल मिळतं दगडातून. फ्लोरस्पार नावाचं खनिज म्हणजे कॅल्शियम फ्लोराईड. गुजरातेत आंबाडुंगरला त्याचे मोठे साठे आहेत, आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला. त्याची भुकटी सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवली की हायड्रोजन फ्लोराईड वाफेच्या रूपानं बाहेर पडतं आणि मागे जिप्समच्या जातीचा क्षार उरतो. ही वाफ पाण्यात विरघळवली की झालं आपलं आम्ल. निर्जल हायड्रोजन फ्लोराईड साडेएकोणीस अंशांना उकळतं. म्हणजे मुंबईत ते डिसेंबरातही दुपारी वायूच असणार!

या संयुगातून फ्लोरिन वेगळा काढण्याच्या नादात एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचा लुये आणि फ्रान्सचा निकलेस यांनी जीव गमावला. अखेर 26 जून 1886 रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँनं प्लॅटिनमच्या उपकरणात, थंड केलेल्या निर्जल हायड्रोजन फ्लोराईडमधून वीज खेळवून ते साधलं. 1906 चं नोबेल त्याला मिळालं.

आज हायड्रोजन फ्लोराईडवाचून काय अडेल, हे पाहण्यासारखं आहे. एसी-फ्रिजमध्ये खेळणारे फ्लोरिनयुक्त वायू याच्यापासून बनतात. तव्यावरचं टेफ्लॉनही त्याच वाटेनं येतं. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावरची काळी खपली नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकच्या मिश्रणात काढतात, कामगार त्याला पिकलिंग म्हणतात. युरेनियमचं समृद्धीकरण करण्यासाठी त्याचं आधी फ्लोराईडच करावं लागतं. पण मला सगळ्यांत थक्क करतो तो मोबाईलमधल्या चिपशी असलेला संबंध. सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साईडचा थर चढतो, म्हणजे काचेचाच भाऊबंद. तो हवा तिथे, हवा तेवढाच काढायला हे आम्ल लागतं, आणि तेही पराकोटीचं शुद्ध. जुलै 2019 मध्ये जपाननं दक्षिण कोरियाला होणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा कोरियातले चिपनिर्माते हवालदिल झाले. त्या तिघांत एक हायड्रोजन फ्लोराईड होतं.

आता त्याची वाईट बाजू. इतर आम्लं त्वचेला लागताच आग होते, माणूस नळाकडे धावतो. हे आम्ल पातळ असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. वीस टक्क्यांहून पातळ द्रावणाची वेदना कधीकधी चोवीस तासांनी सुरू होते. अखंड राहिलेले ते रेणू त्वचेतून अलगद आत शिरतात, आणि आत पोचल्यावर फ्लोराईड कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाची लय बिघडते. संहत आम्ल तळहाताएवढ्या दोन-तीन जागांवर सांडलं, तरी जीव जाऊ शकतो. म्हणून इथे जखम केवढी दिसते यावरून धोका ठरवू नये.

उतारा मात्र सुंदर आहे. फ्लोराईडला कॅल्शियम हवं ना? मग शरीरातलं घेण्याआधी बाहेरून द्या. अंगावरचे कपडे ताबडतोब उतरवायचे, भरपूर पाण्यानं धुवायचं, मग हातमोजा घालून अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायचं आणि वेदना नसली तरी दवाखाना गाठायचा. जेलमधलं कॅल्शियम आणि आत घुसलेलं फ्लोराईड मिळून जे न विरघळणारं संयुग बनतं, ते कॅल्शियम फ्लोराईड. म्हणजे डोंगरगावच्या खाणीतलं खनिजच! कारखान्याच्या सांडपाण्यातलं फ्लोराईडही याच न्यायानं, चुना घालून तळाशी बसवतात.

27 सप्टेंबर 2012 रोजी दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात टँकरमधून हे रसायन उतरवताना गळती झाली. कामगारांच्या अंगावर पुरेशी संरक्षक साधनं नव्हती. पाच जण दगावले, हजारोंना उपचार घ्यावे लागले, आसपासची पिकं करपली.

पातळ रबरी हातमोजे या आम्लापुढे कामाचे नाहीत. जाड निओप्रीनचे किंवा ब्युटाइल रबराचे लागतात, आणि त्यांना टाचणीएवढं भोक नाही ना, हे दर वेळी बघावं लागतं. गंज काढायच्या काही द्रावणांतही हे आम्ल किंवा त्याचा क्षार असतो, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय ती उघडू नका. आणि तुमच्या कारखान्यात पिकलिंग किंवा काचेचं इचिंग होत असेल, तर उद्या पाळीवर गेल्यावर प्रथमोपचार पेटी उघडून बघा: कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब त्यात आहे का, आणि तिची मुदत संपलेली तर नाही ना?