पटाशीचे कृत्रिम दात आणि नैसर्गिक फट

पडलेला पुढचा दात बसवून घेणे आज अवघड राहिलेले नाही. तथापि, ज्यांच्या पटाशीच्या दातांत मुळातच फट असते, त्यांच्या बाबतीत एक विशेष अडचण उद्भवते. नेहमीच्या पद्धतीने दात बसविल्यास ती फट बुजते आणि चेहऱ्याची ठेवणच बदलल्यासारखी वाटते.

हा प्रश्न केवळ रूपाचा नाही. त, थ, द, ध, स उच्चारताना जिभेचे टोक पुढच्या दातांपाशी येते. मराठीत तर 'चार' आणि 'चाक' यांतील च भिन्न असून दुसऱ्याचा उच्चार दातांच्या आधारे होतो. हिंदीत हा भेद नाही; त्यामुळे ग्वाल्हेरच्या मराठी भाषकांनी तो जपणे अगत्याचे आहे. शिवाय ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे शहर; येथे १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय स्थापन झाले. गायकाला शब्दांची स्वच्छता प्राणाइतकी मोलाची असते.

फट बुजते ती का? स्थिर सेतूमध्ये शेजारचे दात घासून त्यांवर टोप्या चढवितात व कृत्रिम दात त्या टोप्यांना जोडतात. हा सांधा नेमका फटीच्या जागी येतो. तो टाळण्याचे प्रमुख उपाय तीन आहेत :

१. काढघाल करता येणारी अर्धकवळी : हिच्या पट्टीवर प्रत्येक दात सुटा लावता येतो. ही सर्वांत कमी खर्चाची. मात्र रात्री काढून ठेवावी लागते.

२. धातूच्या कमानीचा सेतू : जोडणारी बारीक पट्टी टाळूकडून वळवून नेल्याने समोरची फट मोकळी राहते. प्रारंभी जिभेला ती खुपते व तिच्याखालील स्वच्छता कटाक्षाने राखावी लागते.

३. दंतरोपण : टिटॅनियमचे मूळ जबड्याच्या हाडात बसवितात. ते हाडाशी एकजीव होण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. दात स्वतंत्र उभा राहतो व शेजारचे दात घासावे लागत नाहीत. अनियंत्रित मधुमेह व तंबाखूचे व्यसन यांमुळे रोपण निष्फळ ठरण्याचा धोका वाढतो. जबड्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी ते करू नये.

विलंब मात्र टाळावा. दात पडल्यावर तेथील हाड झिजू लागते आणि शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात. मग मूळची फट किती होती हे सांगणेही कठीण होते. म्हणून हसऱ्या चेहऱ्याचे जुने छायाचित्र दंतवैद्यास अवश्य दाखवावे. दात काढावयाचा असल्यास आधीच जबड्याचे माप घेऊन ठेवावे. कवळी पक्की करण्यापूर्वी मेणात लावलेले दात तोंडात बसवून 'चार, चाक, सात, दात' असे शब्द म्हणून पाहावेत.

सात ते बारा वर्षांच्या मुलांत दिसणारी फट पुष्कळदा सुळे आल्यावर आपोआप मिटते. तिची चिंता करू नये. अपघाताने कायमचा दात मुळासकट निखळल्यास मुळास हात न लावता तो दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा रुजू शकतो.

आपली फट राखावयाची आहे, हे रुग्णाने पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगावे. घासलेला दात पूर्ववत होत नाही.