पाबळची मस्तानी आणि तिचा मुलगा

चाकणच्या कारखान्यांपासून पूर्वेकडे तासाभराच्या वाटेवर, शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. तिथे मस्तानीची कबर आहे. बाजीराव-मस्तानी म्हटले की आपल्याला ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आठवते, नाहीतर २०१५ चा चित्रपट. मला मात्र त्यांच्या मुलाची हकीकत अधिक बोलकी वाटते.

१७२९ साली बाजीरावांनी महंमद बंगशाच्या कचाट्यातून छत्रसालाला सोडवले. त्यानंतर मस्तानी पुण्यात आली. ती छत्रसालाची मुसलमान स्त्रीपासून झालेली मुलगी, असे मानतात. पुढे मुलगा झाला. बाजीरावांना त्याची मुंज करायची होती. पण पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला, असे सांगतात. तो समशेर बहाद्दर म्हणूनच वाढला. १७४० मध्ये आईबाप दोघेही गेले. पेशव्यांनी त्याला सांभाळले, फौजेत मानाची जागा दिली. १७६१ साली पानिपतावर तो जबर जखमी झाला आणि त्यातच गेला.

म्हणजे रेघ नेमकी कुठे होती? घराण्यासाठी मरायला तो आपला होता. जानवे घालायला आणि पंगतीला बसायला परका. प्रेमाला एकवेळ वाट मिळते, मंडळी. हक्काचे पान मिळणे अवघड. घरात परजातीची सून आली, तर आपण ही रेघ कुठे ओढतो, तेवढे पाहावे.